पाण्यात चालते, चिखलात पोहते!

वीकेंडला तुम्ही काय करता? मॉल, मल्टिप्लेक्स, फारच उत्साह असेल तर सिंहगड. आमचे गेल्या वर्षभरातले वीकेंड कोल्हापूरच्या उद्यमनगरात, लेथच्या खडखडाटात गेले. टीम तिघांची : मी, माझा मावसभाऊ आणि आमचे वेल्डर मामा. प्रॉडक्ट एकच : सहा चाकांची घरगुती गाडी, जी बांधावरून जाते, चिखलातून जाते आणि समोर पाणी आलं की सरळ आत शिरते.

‘पैसे जास्त झालेत का?’ हा आईचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर आहे ऑगस्ट २०१९ मध्ये. त्या महापुरात मावशीचं शिरोळ तालुक्यातलं गाव पाण्यात होतं. पाणी संपलं की बोट अडायची, पाणी वाढलं की ट्रॅक्टर अडायचा. मधला चिखलाचा पट्टा कुणालाच झेपत नव्हता. त्याच दिवसांत, ८ ऑगस्टला, सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. तेव्हापासून दादाच्या डोक्यात ही गाडी फिरत होती.

आयडिया जुनीच आहे, बॉस!

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ‘डक’ नावाचा पाण्यात चालणारा ट्रक बनवला. जून १९४४ मध्ये तो नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला. बेन कार्लिन या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने तर कमालच केली. १९४६ मध्ये भारतात, कलाईकुंडाच्या विमानतळावर, त्याला पाण्यात चालणारी फोर्डची जीप दिसली. तशीच एक जीप घेऊन पठ्ठ्या १९५० मध्ये अटलांटिकमध्ये घुसला आणि १९५८ मध्ये जगाची फेरी पूर्ण करूनच थांबला! सहा-आठ चाकांचा आजचा अवतार कॅनडाचा. तिथल्या ‘आर्गो’ गाड्या १९६७ पासून निघताहेत. आम्ही कॉपी मारली ती याच खानदानाची.

फंडा काय?

शाळेतला आर्किमिडीज आठवा. एक लिटर पाणी बाजूला सारलं की एक किलो वजन उचललं जातं. गाडी साधारण ४०० किलो, दोन माणसं १५० किलो. म्हणजे ५५० लिटर पाणी बाजूला व्हायला हवं. आमच्या फायबरच्या टबाचा तळ २.४ मीटर लांब, १ मीटर रुंद. नुसत्या टबावर गाडी सुमारे २३ सेंटीमीटर बुडेल. शिवाय फुगलेली सहा टायर्स स्वतःही तरंगतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. टबाची उंची ५० सेंटीमीटर, म्हणजे काठ पाण्याच्या बराच वर राहतो.

इंजिन? जुन्या रिक्षाचं! त्यात रिव्हर्स गिअर असतो आणि डिफरन्शियल आयतं मिळतं. त्याच्या दोन टोकांवरून चेनने दोन्ही बाजूंची तीन-तीन चाकं फिरतात. स्टिअरिंग नाहीच. डावा ब्रेक ओढला की डावी बाजू थांबते, उजवी जोरात पळते आणि गाडी डावीकडे वळते. पाण्यातही तेच, कारण टायर्सच्या नक्षीच वल्ह्यांचं काम करतात. टायरमध्ये हवा अगदी कमी, त्यामुळे चिखलात ती पसरतात आणि गाडी रुतत नाही.

खरी डोकेदुखी

टबाला सहा भोकं! प्रत्येक अ‍ॅक्सल तिथून बाहेर येतो आणि तिथूनच पाणी आत येऊ शकतं. बेअरिंग, ऑइल सील आणि भरपूर ग्रीस, यावर आमचे महिने गेले. दुसरा ताप इंजिनचा. एअरकूल्ड इंजिन बंद टबात ठेवलं की तापणारच. म्हणून वारा आत-बाहेर करायला वरून डक्ट काढले.

पहिली टेस्ट शेततळ्यात झाली. माणसांच्या जागी वाळूची पोती आणि गाडीला दोर बांधलेला. तासाभरानंतर टबात तांब्याभर पाणी. मामांनी टॉर्च मारून सहाही सील पाहिले आणि म्हणाले, “एवढं तर माझ्या घराचं छप्परपण गळतंय!”

उतरण्याआधी हे वाचा

- लाइफ जॅकेट दोघांनाही. पोहता येत असलं तरी.
- टबाच्या कोपऱ्यांत फोम भरा. पाणी शिरलं तरी गाडी तळाला जाणार नाही. पाणी उपसायला बॅटरीवरचा पंप हवाच.
- जड सामान तळाशी आणि मधोमध. वर वजन गेलं की उलटलात.
- सार्वजनिक रस्त्यावर नो एंट्री. रजिस्ट्रेशन नसलेली गाडी स्वतःच्या शेतातच चालवायची.

आता मुद्द्याचं. पाण्यात या गाडीचा वेग तासाला चार-पाच किलोमीटर, म्हणजे आपण चालतो तेवढाच. नदीचा प्रवाह त्याहून जोरात असला तर तो न्यायचा तिकडे नेईल. २०२५ च्या पंजाबच्या पुरात लष्कराने अशाच जातीच्या गाड्या उतरवल्या, पण त्या कितीतरी मोठ्या आणि चालवणारे ट्रेन्ड जवान. यावरून आमच्यात कडाक्याचं भांडण झालं. दादा म्हणाला, “पूर आला की मी थांबणार नाही.” मी म्हटलं, “मग चेन काढून पुण्याला नेतो.”

दोन दिवस अबोला, मग तह. फुगवट्याचं संथ पाणी आणि चिखल एवढंच तिचं क्षेत्र. औषधं, दूध, पिण्याचं पाणी न्यायचं. धार दिसली की मागे फिरायचं. हा नियम मामांनी ऑइलपेंटने डॅशबोर्डवर लिहिलाय, आणि दादाने त्याखाली सही केलीये.