पहिला पीसी : वीज आणि उष्णता

• घरची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. एसएमपीएस तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी करतो. १२च्या लाइनवर ११.४ ते १२.६ चालते.

• बटण दाबूनही काहीच नाही : आधी एसएमपीएसचा मागचा स्विच, मग २४ पिनांची केबल, मग कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर.

• पंखे फिरतात, स्क्रीन काळी : प्रोसेसरजवळची ८ पिनांची केबल राहिली असेल किंवा रॅम अर्धवट बसली असेल. रॅम ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबावी.

• चालू होऊन लगेच बंद : कूलर काढून तळ पाहावा. पारदर्शक प्लॅस्टिक तसेच राहिले, तर प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत नीट पोहोचत नाही. ते सोलावे, जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी.

• बहुतेक आधुनिक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास वेग उतरवतात, आणखी तापल्यास बंद पडतात. कडक उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही.

• स्टॅबिलायझर व्होल्टेज सावरतो; वीज गेल्यावर पीसी चालू ठेवतो तो यूपीएस.

• एसएमपीएस उघडू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज उरू शकतो.