नखाने ओढलेली रेघ

नामवंत नर्तकाच्या किंवा नर्तकीच्या चित्रांचे प्रदर्शन भरते, तेव्हा दालनात शिरणारा प्रेक्षक बहुधा चित्राआधी नावाची पाटी वाचतो, आणि त्याचे पाहणे तेथेच निम्मे बिघडते. काही जण ही चित्रे थोर कलावंताचा फावल्या वेळचा छंद म्हणून कौतुकाने नजरेखालून घालतात. काही जण प्रत्येक चौकटीत एखादी हस्तमुद्रा किंवा नृत्याची ठेवण शोधत फिरतात आणि ती सापडली नाही की हिरमुसतात. नर्तकाच्या चित्रात नृत्य असलेच, तर ते विषयात असेलच असे नाही. बऱ्याचदा ते रंग लावणाऱ्या हाताच्या सवयीत असते, आणि ती सवय पृष्ठभागावर राहिलेल्या खुणांवरून ओळखावी लागते. अमला शंकर (१९१९–२०२०) यांची चित्रकला या दृष्टीने विशेष बोलकी आहे, कारण कुंचला बाजूला ठेवून बोटांनी आणि नखांनी रंगवणे ही त्यांची ओळख होती.

पूर्व बंगालातील जेसोर भागात जन्मलेल्या अमला नंदी १९३१ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय वसाहत प्रदर्शनाच्या निमित्ताने वडिलांबरोबर फ्रान्सला गेल्या असताना त्यांची नर्तक उदय शंकर यांच्याशी गाठ पडली. पुढे त्या त्यांच्या नृत्यसंघात आल्या, १९४२ मध्ये दोघांचा विवाह झाला आणि १९४८ च्या ‘कल्पना’ या चित्रपटात त्या प्रमुख भूमिकेत दिसल्या. उदय शंकर यांची शैली काटेकोर अर्थाने कोणत्याही एका शास्त्रीय परंपरेतील नव्हे, आणि ते तसा दावाही करीत नसत. मात्र अल्मोड्याच्या त्यांच्या केंद्रात शंकरन नंबुद्री कथकळी, कंदप्पा पिळ्ळै भरतनाट्यम् आणि अंबी सिंग मणिपुरी शिकवीत, त्यामुळे तेथे घडलेल्या हातांना शास्त्राचे वळण होते.

हे वळण म्हणजे काय, हे समजल्याखेरीज बोटांनी रंगवण्यातले मर्म कळत नाही. नाट्यशास्त्रात एका हाताने करावयाचे म्हणजे असंयुत हस्त २४ आणि दोन्ही हातांचे म्हणजे संयुत हस्त १३ सांगितले आहेत, आणि त्यांच्या सरावात प्रत्येक बोटाचे प्रत्येक पेर इतरांपासून स्वतंत्रपणे वाकवायला, ताणायला आणि स्थिर ठेवायला शिकवले जाते. अभिनयदर्पण या ग्रंथात हंसास्य नावाच्या हस्ताचे, म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांची टोके जुळवून उरलेली तीन बोटे पसरण्याच्या ठेवणीचे, जे उपयोग दिले आहेत त्यांत चित्र आणि चित्रलेखन हेही येतात. रंगमंचावर चित्र काढण्याचा अभिनय करणारी नर्तकी नसलेला कुंचला चिमटीत धरते, आणि प्रत्यक्ष चित्र काढायला बसलेल्या अमला शंकर यांनी मात्र असलेला कुंचला दूर सारला, हा विरोधाभास मजेचा आहे.

कुंचला हा हात आणि पृष्ठभाग यांच्यामधला मध्यस्थ असतो. त्याच्या केसांत रंगाचा साठा राहतो, त्यामुळे रेषा लांबवता येते, आणि केस लवचीक असल्याने हाताचा दाब पृष्ठभागापर्यंत पोहोचताना मऊ होतो. बोटापाशी हा साठा नसतो. बोटाच्या पेरावर मावतो तेवढाच रंग एका वेळी लावता येतो, म्हणून फटकारा आखूड राहतो, सुरुवातीला दाट असतो आणि पुढे विरळ होत संपतो. शिवाय दाबामुळे रंग मधून बाजूंना सरकतो, त्यामुळे ठशाच्या कडा जाड आणि मधला भाग पातळ दिसतो. पेराचा मांसल भाग, तर्जनीची बाजू, अंगठ्याचे मूळ आणि तळहाताची कड यांचे ठसे वेगवेगळे उमटतात, आणि सराव झालेल्या हाताला यातून मेघ, पाणी, डोंगरउतार किंवा झाडांची दाटी अशा छटा मिळवता येतात. नखाचे काम नेमके उलटे आहे. बोट रंग ठेवते, नख तो काढून घेते. ओल्या थरावर नख ओढले की खालची पार्श्वभूमी रेषेच्या रूपाने उघडी पडते. रंग फार ओला असेल तर ही रेषा पुन्हा मिटते, फार सुकला असेल तर कड तुटते, आणि या दोन अवस्थांमधला अवकाश थोडा असतो. रंगवणाऱ्याला तेवढ्यातच निर्णय घ्यावा लागतो; खोडून पुन्हा काढण्याची सोय जवळजवळ नसते. चित्रशाळेत वाढलेला चित्रकार या अडचणीने बिचकेल, पण सम चुकली तर ती परत मागता येत नाही हे अंगवळणी पडलेल्या नर्तकीला ही शिस्त परकी वाटण्याचे कारण नाही.

छायानाट्याचा अनुभवही येथे लक्षात घ्यावा लागतो. अल्मोड्याच्या केंद्राने रामलीला छायारूपाने सादर केली होती, आणि पुढे उदय शंकर यांच्या संघाने भगवान बुद्धांचे चरित्रही छायांच्या माध्यमातून रंगमंचावर आणले. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांकडे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्या मराठी वाचकाला तत्त्व ओळखीचे वाटेल, पण येथे पडद्यामागे बाहुलीऐवजी जिवंत शरीर असते. दिवा आणि पडदा यांच्यामध्ये उभा असलेला नर्तक दिव्याकडे सरकला की त्याची छाया मोठी होते आणि कड पुसट होते. पडद्याकडे सरकला की छाया त्याच्या मूळ मापाजवळ येते आणि कड धारदार होते. छायेला डोळे नसतात, चेहऱ्यावरचे भाव नसतात, आणि पडद्याच्या दिशेने पुढे केलेला हात धडाच्या काळोखात गडप होतो. म्हणून हात, हनुवटी आणि गुडघा बाजूला काढून बाह्यरेषेत आणावे लागतात. मागची दृश्ये काचेवर रंगवून प्रकाशाने पडद्यावर टाकायची असतील तर काम आणखी नाजूक होते. काचेवरचा रंग पारदर्शक हवा, नाहीतर पडद्यावर नुसता काळा डाग पडतो; आणि तळहाताएवढे चित्र पडद्याएवढे होताना केसाएवढी चूकही त्याच पटीत वाढते. पण काचेवरच्या दाट थरातून नख फिरवले, तर त्या वाटेने निघणारी रेषा रंगाची नसून प्रकाशाची असते. नखाने काढण्याची रीत कागदावर दुय्यम वाटू शकते. काचेवर तिला तोड नाही.

उदय शंकर स्वतः आधी चित्रकलेचे विद्यार्थी होते, हे नृत्याच्या इतिहासात एका वाक्यात उरकले जाते. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकून ते १९२० मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेले, तेथे विल्यम रोथेन्स्टाइन यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले, आणि १९२३ मध्ये नर्तकी ॲना पाव्हलोव्हा यांच्याबरोबर रंगमंचावर उतरल्यावर त्यांचा रस्ता बदलला. म्हणजे या घरात चित्राकडून नृत्याकडे आणि नृत्याकडून चित्राकडे अशा दोन्ही दिशांनी ये-जा झालेली दिसते. यांपैकी दुसरी दिशा भारतीय शास्त्रग्रंथांना अधिक स्वाभाविक वाटत असावी. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात मार्कंडेय ऋषी वज्र राजाला मूर्तिकला शिकवण्याआधी बजावतात, की चित्रशास्त्र कळल्याशिवाय मूर्ती कळणार नाही आणि नृत्यशास्त्र कळल्याशिवाय चित्र कळणार नाही. त्यातील चित्रसूत्रात शरीराची नऊ स्थाने, म्हणजे समोरून, किंचित वळून, एका बाजूने, पाठमोरे अशा ठेवणी दिल्या आहेत, आणि वळलेल्या अंगाचा कोणता भाग आखूड व कोणता मोठा दाखवावा याला क्षय आणि वृद्धी असे म्हटले आहे. हा हिशेब चित्रकाराला नजरेने करावा लागतो. ज्याने त्या ठेवणीत आपले वजन एका पायावर तोलले आहे, त्याला तो आधीच ठाऊक असतो. म्हणूनच नर्तकाच्या चित्रातील मानवाकृती शरीरशास्त्राच्या मोजमापात क्वचित कच्ची निघाली, तरी तिचा तोल सहसा ढळत नाही. उलट नुसते निसर्गदृश्य असेल तेथे ही पुण्याई फारशी कामी येत नाही, आणि अशी काही चित्रे साधारण दर्जाची निघतात हे मान्य करायला हरकत नसावी.

अशा चित्रांची मांडणी करणाऱ्यांपुढे काही व्यावहारिक प्रश्न असतात. दालनात चित्राचा मध्य साधारणतः जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ठेवण्याची रूढी आहे आणि कागदावरील कामासाठी प्रकाश ५० लक्सच्या आसपास, म्हणजे बराच मंद ठेवतात. बोटांनी लावलेल्या रंगाची उंचसखल बाजू मात्र समोरून पडणाऱ्या सपाट प्रकाशात दिसतच नाही; दिवा बाजूला घेऊन प्रकाश तिरका पाडला तरच जाड कडा आणि नखाच्या खोबणी उठून येतात. त्यावर काच असली तर तिच्यात दिव्याचे आणि प्रेक्षकाचे प्रतिबिंब पडते, आणि काच काढली तर लोक हमखास बोट लावून पाहतात. रंगाचा पोपडा निघाला तर जतनतज्ज्ञ एरवी बारीक कुंचल्याने ठिपके देत तेवढी जागा भरून काढतात, पण जेथे मूळ पृष्ठभागावर कुंचल्याची खूणच नाही तेथे ही भर लगेच वेगळी दिसते. मग सुटलेला थर खालून चिकटवून स्थिर करणे आणि गेलेली जागा तशीच राहू देणे हाच उपाय उरतो.