दौलताबादचा किल्ला आणि रुळांकाठची केबिन

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेली गाडी पोटूळ मागे टाकून पुढे आली की देवगिरीचा ताशीव कातळ नजरेत भरतो. प्रवासी खिडकीकडे सरकतात. खंदक ओलांडण्याची एकच वाट, पुढे भुयारासारखी ‘अंधारी’. परवानगीवाचून कोणी आत शिरू नये, या एका विचाराभोवती तो किल्ला रचलेला आहे. नेमका हाच विचार किल्ल्याच्या पायथ्यावरून जाणाऱ्या लोहमार्गावरही लोखंडात उतरवला गेला होता. परंतु किल्ल्याचे दगड पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहेत. सिग्नलच्या केबिनीतले लोखंड मात्र भंगाराच्या वजनावर विकले जाते.

हैदराबाद ते मनमाड हा गोदावरी खोऱ्यातील मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातील रेल्वेने बांधला. मार्ग एकेरी, येणारी आणि जाणारी गाडी एकाच रुळावरून. अशा एकेरी मार्गांसाठी भारतीय रेल्वेने ज्या युक्त्या वापरल्या, त्यांतली सर्वांत परिचित म्हणजे ‘गोळा’. दोन स्थानकांतील यंत्रे तारेने जोडलेली असत. पुढच्या स्थानकाने संमती दिल्यावरच यंत्रातून एक पोलादी गोळा बाहेर पडे, आणि तो पुढच्या यंत्रात जाईपर्यंत दुसरा निघत नसे. वेताच्या कड्याला बांधलेल्या पिशवीतून तो चालकाच्या हाती जाई. गोळा हाती नसेल, तर गाडी पुढे जात नसे.

स्थानकाच्या हद्दीतली जबाबदारी केबिनची होती. मोठ्या स्थानकांत दोन्ही टोकांना उंच केबिनी असत. लहान ठिकाणी जमिनीलगत लिव्हरची एक ओळ. सिग्नलचे लिव्हर तांबडे, सांध्यांचे काळे, सांध्यांच्या कुलपांचे निळे. यातील खरे मर्म डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात होते. लिव्हरखालच्या खाचा असलेल्या पट्ट्या एकमेकींत अशा अडकत की एका गाडीसाठी सिग्नलचा हात खाली केला, की तिच्या वाटेत येऊ शकणारा प्रत्येक सांधा आणि सिग्नल जागच्या जागी जखडला जाई. केबिनमन थकलेला असो वा गोंधळलेला, त्याच्या हातून दोन परस्परविरोधी आज्ञा सुटूच शकत नसत.

ही शिस्त सहजासहजी आलेली नाही. सांधे व सिग्नल एकत्र चालवणाऱ्या यंत्रणेचे पेटंट इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी १८५६ मध्ये घेतले, पण ती सर्वत्र बसवण्याचा खर्च रेल्वे कंपन्यांना जड वाटे. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीच्या गाडीचे सुटलेले डबे उतारावरून मागे घसरत जाऊन मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण मेले. त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने ब्लॉक पद्धत, सांधे-सिग्नलांचे परस्परबंधन आणि सलग ब्रेक सक्तीचे केले.

मनमाड–संभाजीनगर मार्गाचे रुंदीकरण १९९० च्या दशकात झाले. आज देशातील सहा हजारांहून अधिक स्थानकांवर इलेक्ट्रॉनिक परस्परबंधन आहे. त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. उन्हापावसात तारा ओढणाऱ्यांचे कष्ट कमी झाले आणि सुरक्षितता वाढली. तथापि, २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोरजवळ सिग्नलच्या जोडणीतील चुकीने गाडी भलत्याच रुळावर गेली आणि २९० हून अधिक प्रवासी प्राणास मुकले. यंत्र बदलले, पण त्यामागचा तर्क तोच राहिला. तो न समजता केलेल्या कामाची किंमत माणसांनी मोजली. तारांच्या जंजाळात वा संगणकाच्या पेटीत हा तर्क दिसत नाही. जुन्या लिव्हरखाली तो उघड्या डोळ्यांनी पाहता येतो, हातांनी अनुभवता येतो. जतनाचे खरे प्रयोजन हे आहे.

इंग्लंडने २०१३ मध्ये २६ सिग्नल-केबिनींना वारसा म्हणून संरक्षण दिले. आपल्याकडे दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ पासून आहे, नागपूरचे २००२ पासून. परंतु लिव्हरपासून तोडून हिरवळीवर उभा केलेला सिग्नल हा केवळ खांब होय. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात शंभर वर्षांची अट आहे. गोदावरी खोऱ्यातील या मार्गाने ती केव्हाच ओलांडली. उणीव आहे ती दृष्टीची.

मागणी फार मोठी नाही. या मार्गावर वा आसपास जे जुने साहित्य उरले असेल, त्यातून लिव्हरची एक जोडणी, गोळ्याची दोन यंत्रे आणि एक सिग्नल चालू स्थितीत दौलताबाद स्थानकावर उभे करावे. ज्यांनी हे लिव्हर ओढले, त्या निवृत्त केबिनमन आणि सांधेवाल्यांकडून त्यांचे काम आणि कामाची भाषा नोंदवून घ्यावी. यंत्र नंतरही दुरुस्त करता येईल. ही माणसे गेल्यावर त्यांचे ज्ञान कोठून आणणार?

किल्ला पाहायला शाळांच्या सहली येतच असतात. राजे शत्रूला कसे अडवत, हे मुले तेथे शिकतात. साध्या प्रवाशाचा जीव सांभाळण्यासाठी माणसाने स्वतःच्याच चुकीला कसे अडवले, हेही त्यांना त्याच फेरीत शिकता यावे.