टेनिस न खेळता टेनिस एल्बो

सचिन तेंडुलकरला 2004 साली ‘टेनिस एल्बो’ झाला आणि हे नाव घरोघरी पोचले. परंतु या विकाराच्या रुग्णांत टेनिस खेळणारे थोडेच. मूठ आवळून तेच काम पुनःपुन्हा करणाऱ्या कोणालाही तो होऊ शकतो. अहिल्यानगर जिल्ह्यात गळिताच्या हंगामात दिवसभर कोयता चालविणारा ऊसतोड कामगारच घ्या. ताण पडतो मुठीवर, पण दुखते कोपर! असे का?

डाव्या हाताची बोटे उजव्या कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याखाली ठेवा आणि उजवी मूठ घट्ट आवळा. तेथले स्नायू ताठ झालेले जाणवतील. आता मनगट तळहाताकडे पूर्ण वाकवून मूठ आवळा. जोर येत नाही ना? मूठ पक्की बसावी म्हणून मनगट मागे ताणून धरण्याचे काम हे स्नायू करतात. त्यांची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, त्या उंचवट्यावर घट्ट बसलेली असते. घावामागून घाव बसतात, कंडरेचे तंतू झिजतात आणि एका रात्रीत ते भरून येत नाहीत.

भार कमी केला, हलका व्यायाम हळूहळू वाढवला, तर बहुतेकांचे दुखणे वर्षभरात बरे होते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो. पुढे दुखणे उलटण्याचा संभव मात्र वाढतो. पण विश्रांती घ्यायची कशी? मजुरी टनावर मिळते आणि नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात! निदान कोयत्याला धार हवी. बोथट पात्याला प्रत्येक घावाला जास्त जोर लागतो. आणि मोळी उचलताना तळहात वरच्या बाजूला ठेवावा, म्हणजे भार दुसऱ्या स्नायूंवर जातो.