धातूच्या पृष्ठाची पारख : अवरक्त पृष्ठतरंगांची कसोटी

पनवेल तालुक्यातील बेलपाडा गावाभोवती आता खारघरची वसाहत उभी आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या बेलापूर-पेंधर मेट्रोमार्गावर या गावाच्या नावाचे स्थानकही आहे. अशा गावांत घरांवरचे, गोठ्यांवरचे पत्रे वैशाखाच्या उन्हात हात लावू देत नाहीत. नवा पत्रा तर चकचकीत. तो प्रकाश परतवितो. मग तो इतका तापतो का?

याचे उत्तर बऱ्याच अंशी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत आहे. तापलेली वस्तू आपली काही उष्णता या किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. परंतु जे पृष्ठ अवरक्त किरण उत्तम परतविते, ते त्यांचे उत्सर्जन अल्प करते, हा किर्खोफ यांनी १८५९ साली मांडलेला नियम होय. त्यामुळे चकचकीत पत्र्याने शोषलेले ऊन सहजी बाहेर पडत नाही. पत्रा जुना होऊन त्यावर थर चढला की हा गुणधर्म पालटतो.

हा गुणधर्म मोजावयाचा कसा? पृष्ठावर किरण टाकून परतलेला भाग मोजणे ही सरळ रीत. परंतु स्वच्छ तांबे दहा मायक्रोमीटर तरंगलांबीचे सुमारे ९८ ते ९९ टक्के किरण परतविते. महत्त्व असते ते उरलेल्या एक-दोन टक्क्यांना. मापनात अर्ध्या टक्क्याची चूक झाली, तरी शोषणाचा अंदाज पाव ते निम्म्याने चुकतो.

यावरील उपाय म्हणजे तरंगाला पृष्ठावरूनच चालविणे. धातूतील मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे विद्युतचुंबकीय तरंग पृष्ठाला बिलगून प्रवास करू शकतो. १९६८ साली ओटो यांनी धातूजवळ, अत्यल्प फट राखून, काचेचा लोलक ठेवला व त्यातून प्रकाश सोडून असा तरंग निर्माण केला. १९७३ साली शोएनवाल्ड, बर्स्टाइन व एल्सन यांनी तांब्यावर कार्बन डायऑक्साइड लेसरच्या साह्याने, एका लोलकातून चढविलेला अवरक्त तरंग दुसऱ्या लोलकाने उतरवून घेतला. दोन लोलकांतील अंतर वाढविले, की तरंग क्षीण होतो. तो मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येईपर्यंतचे अंतर, म्हणजे त्याची ‘मजल’, तांब्यावर सेंटीमीटरच्या मापात भरते. एका परावर्तनात निसटणारे शोषण या वाटचालीत साठत जाऊन मोजण्याजोगे होते. मजलेवरून शोषण कळते. हवेतून जाणाऱ्या किरणाशी या तरंगाचे व्यतिकरण घडवून त्याचा वेगही काढता येतो. या दोहोंवरून धातूचे प्रकाशीय स्थिरांक मिळतात.

प्रत्यक्षात ही मजल पुष्कळदा गणिताने येणाऱ्या मजलेपेक्षा कमी भरते. पृष्ठावरील खडबडीतपणा व ऑक्साइडचा पातळ थर तरंगाची शक्ती हिरावून घेतात. म्हणजेच ही रीत पुस्तकातल्या शुद्ध धातूची नव्हे, समोर असलेल्या पृष्ठाची परीक्षा घेते. जुन्नरजवळील गिरवली वेधशाळेतील दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीचा आरसा असो वा घरावरचा पत्रा, त्याचा गुण ठरतो तो या वरच्या पातळ थरावर.