एका थेंबात अर्धा व्होल्ट

बारावीच्या प्रयोगशाळेत फेरस द्रावणात परमँगनेट सोडताना सगळ्यांची नजर फिक्या गुलाबी रंगावर असते. रंग टिकला की अनुमापन संपले. त्या क्षणी द्रावणात काय घडते, हे ब्युरेटला हात न लावता गणितानेही पाहता येते.

शंकुपात्रात ०.१ मोलर फेरस द्रावण २५ मिली आणि ब्युरेटमध्ये ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेट घेऊ. सल्फ्युरिक आम्ल भरपूर आहे आणि हायड्रोजन आयनांची संहती १ मोलरवर स्थिर आहे, असे धरू. फेरस आयन एक इलेक्ट्रॉन देतो, परमँगनेट आयन पाच घेतो. त्यामुळे तुल्यता बिंदू बरोबर २५ मिलीवर येतो.

आता १८८९ सालचे नर्न्स्ट समीकरण वापरू. फेरिक-फेरस जोडीचा प्रमाण विभव ०.७७ व्होल्ट, तर परमँगनेट-मँगनस जोडीचा १.५१. २५ अंश सेल्सियसला विभव ०.०५९२ व्होल्टने वाढला की फेरिक आणि फेरस यांचे गुणोत्तर दसपट होते. दुसऱ्या जोडीला दसपटीसाठी त्याचा पाचवा भागच पुरतो. समतोल साधल्यावर दोन्ही जोड्यांचा विभव एकच असतो. सगळे गणित या एका गोष्टीवर उभे आहे.

ब्युरेटच्या वाचनावरून विभव काढायला गेले की समीकरण किचकट होते. म्हणून उलट्या बाजूने निघावे: विभव आधी ठरवायचा, आकारमान मागाहून काढायचे. विभव कळला की एकूण लोहापैकी फेरिक किती आणि ओतलेल्या मँगनीजपैकी मँगनस किती, हे दोन्ही वाटे कळतात. दिलेले इलेक्ट्रॉन आणि घेतलेले इलेक्ट्रॉन सारखेच असणार. म्हणून:

आकारमान (मिली) = २५ × फेरिकचा वाटा ÷ मँगनसचा वाटा

विभव ०.७७ धरला तर अर्धे लोह फेरिक झालेले असते, मँगनीज जवळजवळ सगळे मँगनस, उत्तर १२.५ मिली. ०.९४८ ला २४.९७५ मिली. १.३९ ला २५. १.४७४५ ला सुमारे २५.०२५. १.५१ ला थेट ५० मिली. म्हणजे तुल्यता बिंदूच्या आसपास अवघ्या ०.०५ मिलीत, साधारण एका थेंबात, विभव अर्ध्या व्होल्टहून अधिक चढतो. गुलाबी रंगावर भरवसा ठेवता येतो तो या उडीमुळेच. तुल्यता बिंदू मात्र दोन प्रमाण विभवांच्या मधोमध येत नाही. पाच इलेक्ट्रॉनांची जोडी त्याला आपल्याकडे ओढते.

प्रत्यक्षात १ मोलर सल्फ्युरिक आम्लात लोहाच्या जोडीचा विभव ०.६८ च्या आसपास भरतो. फॉस्फोरिक आम्ल फेरिकला बांधून ठेवते, त्यामुळे तो आणखी उतरतो आणि उडी लांबते. स्प्रेडशीटच्या एका स्तंभात ०.६० ते १.५१ पर्यंतचे विभव भरा, शेजारी वरचे सूत्र लिहा आणि आलेख काढा. मग ०.७७ च्या जागी ०.६८ घालून आलेखाचा कोणता भाग हलतो आणि कोणता जागचा हलत नाही, ते स्वतः पाहा.