ऑपरेशन एका दिवसाचे, मेहनत वर्षाची

मुलाचे ऑपरेशन झाले म्हणजे काम संपले, असे आपल्या वस्त्यांतून सर्रास समजले जाते. वस्तुतः खरे काम तेथूनच सुरू होते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या आईवडिलांबरोबर दवाखान्याच्या चकरा मारताना आम्हा कार्यकर्त्यांना जे दिसले, ते इतर पालकांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

दोष आईच्या माथी

सेरेब्रल पाल्सी म्हणजे जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच वाढत्या मेंदूला झालेली इजा. दिवस भरण्याआधी झालेले बाळंतपण, बाळाला प्राणवायू कमी पडणे, तीव्र कावीळ, मेंदूज्वर ही तिची काही कारणे आहेत. पण घरोघरी कानावर येते ते वेगळेच. कोणी म्हणते, मागच्या जन्मीचे भोग. कोणी म्हणते, हिने ग्रहण पाळले नसेल. बोलणारी माणसे आपलीच असतात आणि मागे भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर असते! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे टाकून दिले, तेच आपण त्या आईच्या माथी मारतो. मागील जन्मीच्या कर्मामुळे या जन्मी दुःख भोगावे लागते, ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात खोडून काढली आहे. दुःखाला कारण असते व ते शोधता येते, हीच आपली शिकवण. ज्या घरात हे पटते, त्या घरातले मूल दवाखान्यात लवकर पोहोचते, असा आमचा अनुभव आहे.

प्लॅस्टर निघाल्यानंतर

ऑपरेशनने मेंदूची इजा भरून येत नाही, हे आधीच समजून घ्यावे. ताठर स्नायू हाडांच्या बरोबरीने वाढत नाहीत. त्यामुळे वय वाढते तशी टाच उचलली जाते, गुडघे वाकतात, मांड्या एकमेकींना भिडतात. डॉक्टर आखडलेले स्नायू आणि शिरा सैल किंवा लांब करतात. पाय सरळ होतो, पण काही काळ दुबळाही होतो.

प्लॅस्टर बहुधा सहा आठवडे असते. या काळात ते भिजू देऊ नये. खाज सुटली म्हणून आत पट्टी किंवा सुई घालू नये. पाय उशीवर उंच ठेवावा, मुलाची कूस वरचेवर बदलावी. बोटे निळी किंवा थंड पडली, बधिर झाली, हलेनाशी झाली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

प्लॅस्टर निघाले की मूल पूर्वीइतकेही चालत नाही. येथेच आईबापांचा धीर सुटतो. 'धरून धरून चालणारे पोर डॉक्टरांनी बसवून ठेवले,' असे म्हणून काही जण फिजिओथेरपी सोडून देतात आणि झालेले ऑपरेशन वाया जाते. ताकद परत यायला कित्येक महिने, मोठ्या ऑपरेशननंतर वर्षही लागते. तोवर रोजचा व्यायाम, रात्रीचे स्प्लिंट आणि वॉकर यांना सुट्टी नाही.

बापाचा वाटा

आमच्या परिचयाच्या एका घरी नऊ वर्षांची मुलगी आहे. वडील हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी. ऑपरेशननंतर आईने दोन घरे सोडली. व्यायामाच्या वेळी पोरगी रडायची आणि शेजारणी म्हणायच्या, "कशाला गं छळतेस लेकराला?" आई एकटी पडत चालली होती. मग फिजिओथेरपीच्या ताईंनी वडिलांनाच बोलावून घेतले व व्यायाम शिकविले. तेव्हापासून सकाळचा व्यायाम वडिलांकडे आणि संध्याकाळचा आईकडे आला. आजी आकडे मोजते. आता मुलगीच आजीची चूक काढते, "आजी, सतरा झाले, सोळा नाही!" आठव्या महिन्यात ती वॉकर धरून दारापासून नळापर्यंत गेली. आईने सोडलेल्या दोन घरांपैकी एक पुन्हा धरले आहे.

हक्क मागून घ्या

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे आहेत. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड आधी काढावे. एस.टी.ची सवलतही त्यावर मिळते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण असून त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. फॉर्म भरणे, झेरॉक्स काढणे, रांगेत उभे राहणे ही कामे मंडळातील तरुणांनी करावीत. त्या आईचा एक दिवसाचा रोज वाचला, तरी मोठी मदत होते.

विहाराच्या पायऱ्या

जुलाबाने आजारी, घाणीत पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुऊन काढले, ही कथा विनयपिटकात आहे. येथे तुमची सेवा करायला आईबाप नाहीत, तेव्हा तुम्हीच एकमेकांची सेवा करा, असे त्यांनी भिक्खूंना बजावले. मग आपल्या विहारांचे काय? कित्येक विहारांना चार-पाच पायऱ्या आहेत आणि उतार नाही. वॉकर घेतलेले मूल वंदनेच्या वेळी बाहेर थांबते. पायऱ्यांची उंची जेवढी, तिच्या बारापट लांबीचा उतार लागतो, म्हणजे दोन फुटांना चोवीस फूट. जयंतीच्या वर्गणीतून डी.जे.चा एक दिवस कमी केला, तर सिमेंट-वाळूचे पैसे निघतील. येत्या बैठकीत प्रत्येक मंडळाने हा विषय घ्यावा, एवढीच आमची विनंती.

जय भीम!